शटल: एका शब्दाची येरझार

बोईसरमध्ये ‘शटल’ हा शब्द कोणाच्या तोंडून आला, त्यावर त्याचा अर्थ ठरतो. पुलाच्या पायऱ्या चढताना धापा टाकत ‘शटल गेली का हो?’ असं विचारणाऱ्याला डहाणू-विरार गाडी हवी असते. ब्लाउज शिवून देणाऱ्या ताई ‘शटल बदलायला झालंय’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मशीनच्या पोटातला चंद्रकोरीच्या आकाराचा पोलादी तुकडा झिजलेला असतो. सोसायटीतल्या पोरांचं शटल पत्र्यावर जाऊन अडकतं. आणि तारापूर एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात उमर घालवलेल्या माणसापाशी विषय काढलात, तर तो म्हणेल, शटल आता राहिलं कुठे, सगळं शटललेस झालं. गाडी असली की ती शटल, सुटा भाग किंवा बॅडमिंटनचं फूल असलं की ते शटल. मराठीने परक्या शब्दाला परस्पर दोन लिंगं वाटून दिली आणि बोलताना कुणाचा घोटाळा होत नाही.

या चौघांचं शटल मुळात एकच आहे: मागावरचा धोटा. बाकीचे अर्थ त्याच्या पोटी जन्मले. पण धोट्याच्याही आधी एक पिढी आहे, आणि ती विणकामातली नाही.

धोटा हातात घेतल्याशिवाय ही कुळकथा नीट कळत नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त साचेवाले काका राहतात. साचा म्हणजे माग. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकराला साचेवाला म्हणत आणि विणकामाच्या विभागाला साळखातं. १९८२ च्या संपात परळची नोकरी गेली, मग ते तारापूरला एका कारखान्यात लागले आणि इकडचेच झाले. त्यांच्या शोकेसमध्ये गणपती आणि नातवाची ढाल यांच्या मधोमध एक धोटा ठेवलेला आहे. तेल पिऊन काळपट झालेलं कठीण लाकूड, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं, आणि टोकांवर पोलादी टोप्या. मधल्या पोकळीत कांडी बसते. कांडी म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी. धोट्याच्या कुशीला एक बारीक भोक आहे, त्याच्या कडेला चिनी मातीची कडी बसवलेली आहे. कांडीवरचा दोरा त्या भोकातून बाहेर पडतो. मागावर निम्मे उभे धागे वर उचलले जातात, निम्मे खाली राहतात, मधे जो बोगदा तयार होतो त्यातून धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो. फणी येऊन मागे राहिलेला दोरा ठोकून घट्ट बसवते. वरचे धागे खाली, खालचे वर, आणि धोटा परत. यंत्रमागावर हे मिनिटाला शंभर-दीडशे वेळा चालतं.

‘हा कधी कधी निसटायचा,’ काका म्हणाले. ‘बोगद्यातला एखादा धागा सैल राहिला की वाट चुकायचा आणि थेट साच्याबाहेर. माणूस समोर असला तर संपलाच. डोळे गेलेत लोकांचे.’ त्यासाठी पुढे मागावर जाळी बसवायला लागले. मी त्या पोलादी टोकावर बोट फिरवलं. त्याला नुसतं लाकडी अवजार म्हणवेना.

इंग्रजी भाषेला ते फार आधी समजलं होतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत शटलचा पूर्वज आढळतो, त्याचा उच्चार साधारण ‘श्यूतेल’ असा व्हायचा, आणि त्याचा अर्थ होता बाण, फेकायचा भाला. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत त्याचाच भाऊबंद ‘स्कुतिल’ म्हणजे मासा मारायचा हार्पून. दोघांच्या मुळाशी ‘जोराने फेकणे, सोडणे’ हा धातू आहे, आणि तोच ‘शूट’ या क्रियापदातही आहे. विणकराच्या धोट्याला हे नाव मिळालेलं चौदाव्या शतकापासून दिसतं. म्हणजे आधी शिकाऱ्याच्या हातातला बाण होता, मग विणकराच्या हातात आला. विणकराचाही नेम असतोच, फक्त त्याचं सावज दुसऱ्या काठावरचा त्याचाच हात.

याच धातूची बाकी भावंडं मोजायला बोईसरच्या बाजारातून एक चक्कर पुरे. दुकानाचं शटर त्यातलंच: दाराचा अडसर खोबणीत ‘सोडायचा’, म्हणजे सरकवायचा, या क्रियेवरून ‘शट’, म्हणजे बंद करणं, आलं. त्यावरून शटर, त्यावरून बांधकामावरचं शटरिंग, आणि ‘कारखान्याला शटडाऊन आहे’ यातलं शटडाऊन. तारापूर अणुवीज केंद्राच्या वसाहतीत तर हा शब्द गृहिणींच्याही तोंडी असतो, कारण संच बंद ठेवून दुरुस्ती निघाली की घरातल्या माणसाच्या पाळ्या बदलतात. कॅरमच्या पोरांचा ‘काय शॉट मारला’, लग्नातलं प्रीवेडिंग शूट, एमआयडीसीतल्या पोलादाच्या शीट आणि घरातली बेडशीट, सगळी एकाच धातूची लेकरं आहेत. शीटचं ऐकून मलाही आश्चर्य वाटलं होतं. कापडाचा पुढे आलेला, बाहेर ‘सुटलेला’ कोपरा हा तिचा जुना अर्थ.

इथे एका मोहापासून सावध राहायला हवं. मागावरच्या उभ्या धाग्यांना आपण ताणा म्हणतो आणि आडव्याला बाणा. इंग्रजीत धोटा म्हणजे बाण, मराठीत त्याने नेलेला दोरा म्हणजे बाणा, असं जुळवलं की टाळी पडते. पण बाण आणि बाणा यांची कुळं वेगळी आहेत. नुसत्या नादावरून सोयरीक जुळवायची आपल्याकडच्या व्युत्पत्तिकारांना खोडच आहे; त्यात आणखी एकीची भर नको.

आपल्या भाषांनी धोट्याकडे कसं पाहिलं, हे मात्र बघण्यासारखं आहे. युरोपात दोन तट आहेत. इंग्रजांनी त्याची चाल पाहिली. स्पॅनिश लोकांनीही तीच पाहिली, त्यांचा शब्द ‘लान्सादेरा’ फेकण्यावरूनच आला. फ्रेंच, इटालियन आणि जर्मन लोकांनी आकार पाहिला: मधे पोकळ, दोन्हीकडे निमुळती, म्हणजे होडी. फ्रेंच ‘नाव्हेत’ हा शब्द ज्या लॅटिन ‘नाविस’वरून आला, त्याचं आपल्या ‘नौ’शी सख्खं नातं आहे. सातपाटीचा कोळी ज्याला नाव म्हणतो, तोच शब्द. पॅरिसच्या विमानतळावर दोन टर्मिनलांमध्ये फिरणाऱ्या बसला आजही ‘नाव्हेत’ म्हणतात. धोटा मागावरून उतरून वाहन होतो हा प्रवास त्या भाषेतही झाला, फक्त तिथे बाणाऐवजी होडी धावते.

संस्कृतात धोट्याला ‘तसर’ असा शब्द आहे, आणि तो ऋग्वेदाइतका जुना आहे. दहाव्या मंडलातल्या एका सूक्तात यज्ञ विणला जातो अशी कल्पना आहे, त्यात सामांचे तसर केले आहेत. हा शब्द आपल्याकडे मेला नाही, त्याने घर बदललं. टसर सिल्क म्हणजे तेच तसर, रानातल्या किड्याच्या त्या कोशाचा आकार धोट्यासारखा असतो. विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे त्याला कोसा म्हणतात. दिवाळीत टसरची साडी घेणाऱ्या बाईला आपण धोट्याच्या नावाचं कापड नेसतो आहोत याची कल्पना नसते, आणि असण्याचं कारणही नाही. मराठीत विणकराच्या अवजाराला धोटा हे नाव पक्कं झालं आणि साळी-कोष्ट्यांच्या घरांतून ते आजवर चाललं.

आता बाण परत बाण कसा झाला ते. अठराव्या शतकापर्यंत धोटा हातानेच फेकत. उजव्या हाताने सोडायचा, डाव्याने झेलायचा. त्यामुळे कापडाची रुंदी विणकराच्या हातांच्या पल्ल्यापलीकडे जात नसे. जास्त पन्ह्याचं कापड हवं तर मागाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसत. इंग्लंडात लँकेशायरमधल्या बरी गावच्या जॉन के याने १७३३ साली याच्यावर तोड काढली. धोट्याला चाकं दिली, खाली घसरपट्टी दिली, दोन्ही टोकांना पेट्या ठेवल्या आणि पेट्यांतल्या ठोकळ्यांना दोऱ्या बांधून त्या एका मुठीत आणल्या. मूठ इकडे हिसडली की धोटा तिकडे, तिकडे हिसडली की इकडे. यालाच पुढे ‘फ्लाइंग शटल’ म्हणू लागले. एका माणसाच्या एका हातात दोघांचं काम आलं, आणि दुसरा हात मोकळा राहिला. विणकाम इतकं झपाट्याने होऊ लागलं की सूत पुरेना. मग १७६४ च्या सुमारास हारग्रीव्हजचं सूत कातायचं यंत्र ‘जेनी’, १७६९ मध्ये आर्कराइटचा पाण्यावर चालणारा चरखा, आणि त्यातून गिरण्या. औद्योगिक क्रांतीच्या कथेत वाफेच्या इंजिनाला मखरात बसवतात. सुरुवातीचा धक्का माझ्या मते या दोरीच्या हिसड्याचाच होता. के मात्र त्यावर श्रीमंत झाला नाही. कारखानदारांनी स्वामित्वशुल्क बुडवलं, विणकर पोटावर पाय आला म्हणून चिडले, आणि त्याचे शेवटचे दिवस फ्रान्समध्ये गेले.

आपल्याकडे फ्लाइंग शटल हातमागावरही आलं आणि गिरणीतही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल झपाट्याने चालणारा हातमाग घडवण्याच्या मागे लागले होते. १९०४ साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला, आणि आज ते गाव कशावर उभं आहे ते सांगायला नको. मुंबईत त्याआधी अर्धशतक, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली होती. पण मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला सूत कातण्यावर जास्त चालत. साळखाती पुढे वाढली, आणि त्यांत मजुरी कातणखात्यापेक्षा चांगली मिळे.

या साळखात्याच्या दारात शटलचा मराठी इतिहास थांबतो.

मी काकांना विचारलं होतं, दोरा या बारीक भोकातून बाहेर कसा काढायचा? सुई तर जाणार नाही. त्यांनी धोटा उचलला, कुशीचं भोक ओठांना लावलं आणि एक दम आत घेतला. कांडी नव्हती, म्हणून दोरा आला नाही, पण सवय अजून शाबूत होती. ‘असा. एक ओढ, दोरा बाहेर.’ कांडी काही मिनिटांत संपते. दोन-चार साचे एका माणसाकडे, म्हणजे दिवसाकाठी हे शेकडो वेळा. सुताची धूळ, खळ आणि आधीच्या माणसाची थुंकी, सगळं त्या भोकात. लँकेशायरच्या गिरण्यांत याला ‘धोट्याचं चुंबन’ म्हणत. नाव गोड, पण क्षय आणि दातांचे रोग याच वाटेने पसरतात म्हणून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये ही पद्धत बंद केली. खुद्द लँकेशायरला १९५२ उजाडावं लागलं.

इंग्लंड-अमेरिकेत थुंकीचा प्रश्न आरोग्याचा होता. मुंबईत तो जातीचा झाला. साळखात्यात दोरा तोंडाने ओढावा लागतो, धोटा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो, तेव्हा अस्पृश्याचं तोंड लागलेल्या दोऱ्याला आपण तोंड लावायचं नाही, असं स्पृश्य कामगारांचं म्हणणं. त्यामुळे महार आणि इतर दलित कामगारांना साळखात्यात घेत नसत. त्यांनी कातणखात्यात राबायचं. तिथे हात सूतच काढत होते, ते सूत साळखात्यात जात होतं, त्याचं कापड सगळे नेसत होते, त्याला विटाळ नव्हता. विटाळ फक्त चांगल्या पगाराच्या जागेला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही गोष्ट नेमकी पकडली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, तो सहा महिने चालला. संपाच्या पुढाऱ्यांत ना. म. जोशी होते, कम्युनिस्ट होते. आंबेडकरांनी त्यांना सांगितलं की दलित कामगारांना गिरणीतल्या सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क आहे, हे तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर मी माझ्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घातली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही. मालकांचं हे उत्तर खोटं नव्हतं. संपातली सगळ्यात अवघड मागणी मालकांकडे नव्हतीच, ती शेजारच्या साच्यावरच्या भावाकडे होती. महाडला प्रश्न ओंजळभर पाण्याचा होता, परळला ओठाएवढ्या भोकाचा. वास्तविक तारेचा एक आकडा घालून दोरा ओढता येतो, आणि तोंड न लावता आपोआप दोरा ओवला जाईल असे धोटे अमेरिकेत १८९० च्या दशकापासून होते. म्हणजे अडचण यंत्राची कधीच नव्हती.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. तिथे आंबेडकरांनी रेल्वेतला असाच प्रकार मांडला: दलित माणूस आयुष्यभर गँगमन राहतो, त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात. धोटा आणि रेल्वे, शटलची दोन्ही घरं. दोन्हीकडे दाराशी एकच अडसर होता.

शब्दाची बाकी वंशावळ इतकी जड नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडात पिसं लावलेलं बूच फळीने इकडून तिकडे टोलवायचा खेळ होता. ते धोट्यासारखं येरझारा घालतं म्हणून शटल, आणि पिसांमुळे कोंबडा, म्हणून शटलकॉक. या खेळाला मधे जाळी आणि नियम मिळाले त्यात आपल्या पुण्याचा हात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतले गोरे अधिकारी तो खेळत आणि त्याला ‘पूना’च म्हणत. पुढे इंग्लंडातल्या बॅडमिंटन हाउस या वाड्याचं नाव त्याला चिकटलं आणि पुणं मागे पडलं. मराठी मुलांनी शटलकॉकचं साधं ‘फूल’ केलं, जे मला मूळ नावापेक्षा शंभरपट आवडतं. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकली, परदेशात बॅडमिंटनचं अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय. सोळा पिसं आणि जेमतेम पाच ग्रॅम वजन, एवढ्यावर हे घडलं.

शिवणयंत्राचं शटल थेट धोट्याचं नातवंड आहे. एलायस हाउने १८४६ मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात सुईने वरच्या दोऱ्याचा फास खाली न्यायचा आणि होडीच्या आकाराच्या शटलने खालचा दोरा त्या फासातून ओढून न्यायचा, अशी रचना होती. म्हणजे बोगदा एका फासाएवढा झाला, बाकी तेच. आज ताईंच्या मशीनमध्ये ते सरळ जात नाही, अर्धा वेढा घेऊन परत फिरतं. महिन्या-दोन महिन्यांनी त्या ते बाहेर काढतात, साडीच्या पिनेने त्यातली लव कोरतात, तेलाचा एक थेंब सोडतात. दुरुस्तीवाला शटल घासून देतो म्हणाला की त्याला हाकलतात, घासलेलं शटल टाका सोडतं असा त्यांचा अनुभव.

रेल्वेतला अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा, आणि अमेरिकेतला. दोन ठिकाणांमधल्या छोट्या टप्प्यात जाऊन-येऊन करणारी गाडी ती शटल. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्याखाली १९१८ पासून अशी एक गाडी धावते आहे. १९७३-७४ मध्ये इस्रायल आणि अरब राष्ट्रांमध्ये हेन्री किसिंजर विमानाने खेपा घालत होते, तेव्हा वार्ताहरांनी त्याला शटल डिप्लोमसी म्हटलं. एकदा उडून समुद्रात पडणाऱ्या यानाऐवजी परत उतरणारं यान नासाने बनवलं, ते स्पेस शटल. १९८१ ते २०११ मध्ये त्याच्या १३५ फेऱ्या झाल्या. त्यातली कोलंबियाची शेवटची फेरी परत आली नाही, कल्पना चावला तीत होत्या.

बोईसरच्या वाट्याला शटल आली ती विरारमुळे. मुंबई-सुरत लोहमार्ग १८६४ मध्ये जोडला गेला. विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ ला सुटली, आणि १९३६ मध्ये विजेची लोकल बोरिवलीहून विरारपर्यंत आली. तिथे ती थबकली. विरारपुढच्या माणसाला मुंबई गाठायची तर लांब पल्ल्याच्या गाडीत जागा मिळवायची, नाहीतर शटल पकडून विरारला उतरायचं आणि लोकलमध्ये घुसायचं. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड: चौसष्ट किलोमीटरची ही पट्टी. एक शटल चुकली की पुढचीची वाट पाहण्यात अर्धा दिवस जाई, त्यामुळे इथली लग्नं, बारसी, कोर्टाच्या तारखा शटलच्या वेळेवर ठरत. सातपाटीच्या कोळणी, डहाणू-घोलवडचे चिकू, पालघरची शाळा-कॉलेजची पोरं, सगळ्यांचा संसार तिच्यावर. एमआयडीसी वाढली तसा दुसऱ्या बाजूनेही लोंढा सुरू झाला. सकाळी बोईसरची माणसं मुंबईकडे आणि वसई-नालासोपाऱ्याची बोईसरकडे. उलट दिशेला रिकामी जाणारी गाडी हे मुंबईच्या लोकलचं जुनं दुखणं, आमची शटल दोन्हीकडून भरलेली.

१६ एप्रिल २०१३ ला लोकल विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत आली. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०१४ ला, पालघर जिल्हा झाला. तेव्हापासून शटल हा शब्द मागे सरकतो आहे. तरुण मुलं ‘डहाणू लोकल’ म्हणतात किंवा ‘मेमू’. चाळिशीपुढची माणसं लोकललाही शटलच म्हणतात, आणि इंडिकेटर वाचून नवखा माणूस गोंधळतो.

तिकडे एमआयडीसीत खरं शटल याच्या आधीच गेलं होतं. स्वित्झर्लंडच्या सल्झर कंपनीने १९५३ मध्ये विनाधोट्याचा माग बाजारात आणला. त्यात धोट्याऐवजी नऊ सेंटीमीटर लांबीची, चाळीस ग्रॅमची पोलादी पट्टी दोऱ्याचं टोक चिमटीत धरून सुटते. तिला नाव काय दिलं? प्रोजेक्टाइल. म्हणजे पुन्हा अस्त्रच. कांडी नाही, तिचं ओझं नाही, तोंड लावायचं भोकही नाही. त्यानंतर रेपिअर आले, एअरजेट आले. एअरजेटमध्ये तर पट्टीही नाही, नुसत्या हवेच्या झोताने दोरा पलीकडे जातो. तारापूरला सियारामसारख्यांचे मोठे कारखाने उभे राहिले, पण आजच्या साळखात्यातल्या तरुण ऑपरेटरने धोटा पाहिलेला नसतो. ‘शटललेस’ या शब्दातच तो त्याला भेटतो.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बारा स्थानकांमध्ये विरार आणि वापी यांच्या मधे बोईसर आहे. बाणाच्या नावाची गाडी गेली आणि गोळीच्या नावाची येते आहे, याची गंमत वाटते. पण सफाळ्याच्या भाजीवालीला तिचा उपयोग शून्य. तिला रोज लागते ती गाडी दर तासाला हवी, ती लोकल म्हणून द्या की शटल म्हणून.

आणि वाचकांना एक विनंती. घरी माळ्यावर एखादा जुना धोटा पडलेला असेल तर भंगारात देऊ नका. जवळच्या शाळेला द्या, आणि देताना त्याच्या कुशीतल्या भोकातून दोरा कसा ओढत असत तेही सांगा. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी काय मागितलं होतं, ते एवढ्यावरून पोरांना समजतं.